पंपाची गुणगुण, जिन्यावरची पावलं

जिन्यावर पावलं वाजली आणि कानूच्या हातातला बूट हातातच राहिला.

बूट तिने हातातच घातले होते, दोन्ही हातांत एकेक, आणि फरशीच्या तुकड्यावर ती ते सकाळपासून आपटत होती. तिचं कामच तसं. सिनेमात माणूस चालतो, दार करकरतं, कपबशी किणकिणते. पण हे आवाज चित्रीकरणाच्या गोंधळात नीट येत नाहीत. मग कुणाला तरी बंद खोलीत बसून, पडद्याकडे बघत बघत, ते नव्याने काढावे लागतात. ते कुणीतरी म्हणजे कानू. घरातल्या मधल्या खोलीच्या भिंतींना तिने जाड गाद्या ठोकल्या होत्या आणि कोपऱ्यात लहानमोठे, नवेजुने, बायकी-पुरुषी अशा बुटांचा ढीग रचला होता. आई त्या खोलीत पाऊल टाकताना दर वेळी नाक मुरडायची.

लहानपणी शेजारच्या घरात दूध उतू जायला आलं, की ही आपल्या घरातून ओरडून सांगायची. तेव्हापासून ती कानू.

आजवर तिच्या वाट्याला मालिकाच आल्या होत्या. सासूच्या बांगड्यांचा खळखळाट आणि थोबाडीत मारल्याचे आवाज. ओल्या फडक्याने तिने इतक्या थोबाडीत मारल्या होत्या, की फडकं पिळलं तरी तिला संवाद ऐकू यायचे. आता पहिल्यांदाच एक अख्खा सिनेमा दाराशी आला होता. दिग्दर्शिका बाईंच्या त्या सिनेमात कुणी फारसं बोलतच नव्हतं. एक माणूस रोज एक जिना चढून एका बाईच्या दाराशी येतो, उभा राहतो, दार न वाजवता परत जातो. तेवढा एक प्रसंग बाईंनी कानूला करायला दिला होता. शनिवारी त्या स्वतः येऊन ऐकणार होत्या. पसंत पडला, तर पूर्ण सिनेमा कानूचा. नाही पडला, तर मालिकेतल्या सासवा तिची वाट बघतच होत्या.

आणि ती पावलं काही केल्या जमत नव्हती! एका बुटातला माणूस पोस्टमनसारखा चढायचा, दुसऱ्यातला जावयासारखा. प्रेमात पडलेला आणि घाबरलेला माणूस एकाही बुटात सापडत नव्हता.

तो आता जिन्यावर होता. तीन पायऱ्या भरभर... मग एक सावकाश... मग नुसतंच थांबणं. डाव्या बुटाचा किंचित कुरकुराट. पुन्हा दोन पायऱ्या, जणू कुणीतरी मागून ढकलल्यासारख्या. आणि तिच्या दारासमोर शांतता.

कानूने बूट घातलेल्या हातांनीच कडी काढली.

बाहेर एक उंच तरुण उभा होता. कडेवर मूल घ्यावं तसं खोकं घेतलेलं, आणि गळ्यात गुलाबी रंगाच्या पारदर्शक नळ्यांचं भलंमोठं वेटोळं. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. मग पायांकडे. ते अनवाणी होते.

"मी... वरच्या मजल्यावर..."

"खाली जा," कानू म्हणाली.

"अं?"

"खाली जा आणि परत वर या. आत्ता आलात तसेच. अगदी तसेच हं!"

तो गेला. का गेला, हे त्याला पुढे कितीतरी दिवस सांगता आलं नाही. तिचे डोळे असे चमकत होते, की नाही म्हणायचं त्याला सुचलंच नसावं. पण दुसऱ्यांदा चढला तो कवायतीला आल्यासारखा. तिसऱ्यांदा त्याहून वाईट. चौथ्यांदा त्याला नुसती धाप लागली.

"अगं, कोण आहे?" आतून आईचा आवाज आला.

"पावलं आहेत, आई!"

"चहा घेतील का विचार."

पावलांनी चहा घेतला. वरच्या मजल्यावर नकाशे काढणारे एक साहेब राहत, त्यांनी संगणकासाठी निळ्या नळ्या मागवल्या होत्या आणि आल्या होत्या गुलाबी. ते त्यांना सांगायचं त्याच्या अगदी जिवावर आलं होतं.

"म्हणून तसे चढत होतात!" कानू हळहळली. "काय सुंदर घाबरता हो तुम्ही!"

असं कौतुक त्याचं आजवर कुणी केलं नव्हतं. तो लाजला, आणि लाज लपवायला मधल्या खोलीकडे बघत म्हणाला, "आत काय चाललंय? वॉशिंग मशीन?"

"तो माझा संगणक."

"मशीनसारखा वाजतोय."

"चित्र आणि आवाज दोन्ही चालवायला लागलं की तापतो. मग पंखे किंचाळतात. मी त्याच्यावर रजई टाकते, मग तो आणखी तापतो, आणि शेवटी फुगून बसतो. काही म्हणजे काही करत नाही."

"रजई?" त्याने कपाळाला हात लावला. "अहो, ताप आलेल्याला कुणी..." मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाक्य अर्ध्यात मोडलं. "मी पाण्याने थंड करतो. संगणक. तोच माझा धंदा."

"विजेच्या वस्तूत पाणी?" आई दारातूनच म्हणाली. "डोकं ठिकाणावर आहे ना?"

"पाणी नळ्यांतून फिरतं, काकू. आतली उष्णता घेतं, बाहेरच्या जाळीपाशी सोडतं, परत आत जातं. पंखे मग हळू फिरले तरी चालतं. एक थेंब सांडत नाही."

"आणि सांडला तर?" कानूने विचारलं.

"सांडला तर पुसायला मीच येईन."

हे तो आईकडे बघत म्हणाला असता तर साधं वाक्य होतं. पण तो कानूकडे बघत म्हणाला. आईने चहाचे कप उचलले आणि मनातल्या मनात त्याचं नाव पाणीवाला ठेवून टाकलं.

सोमवारी पाणीवाला सगळं सामान घेऊन आला. नळ्या त्याच, गुलाबी. वरच्या साहेबांनी त्यांना हात लावायलाही नकार दिला होता. टाकी बसली, जाळी बसली, आणि शेवटी त्याने खोक्यातून पंप काढला. तो पाहून कानू दोन पावलं मागे सरली. मूठभर जागेत ठेवायची ती वस्तू चांगली नारळाएवढी होती.

"एवढा?"

"माझ्या काकांचं पंपांचं दुकान आहे. इमारतींच्या टाक्यांचे पंप. मी तिथेच वाढलो. काका म्हणतात, पंप नेहमी दोन मापं मोठा घ्यावा. पाणी जितकं जोरात, तितकं चांगलं." तो सांगत होता ते तोंडपाठ होतं, आणि सांगताना तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता, पण हे तिच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मग सुरू झालं ते काम, ज्यासाठी कानूला पुढे जन्मभर त्या धंद्याबद्दल माया वाटली. पाणी भरल्यावर संगणकाला वीज द्यायची नाही. आधी नुसता पंप चालवायचा आणि प्रत्येक सांध्याखाली कागदी रुमाल पसरून बघत बसायचं, कुठे ओल येते का. आणि नळ्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे बाहेर यावेत म्हणून संगणकाचा तो जड डबा दोघांनी धरून हळूच तिरका करायचा. इकडे, तिकडे, मग पुढे. तान्ह्या बाळाची ढेकर काढावी तसं.

"तुमच्याकडे कललाय," तो म्हणाला.

"तुम्ही सोडताय."

"मी कुठे सोडतोय? घट्ट धरलंय."

"तो डबा नाही. माझा हात आहे."

"ओ..." तो म्हणाला, पण डबा जड असल्यामुळे कुणालाच हात काढता येईना. एक बुडबुडा गुलाबी नळीतून डुलत डुलत वर गेला आणि दोघांनी तो असा टक लावून पाहिला, जणू त्याला निरोपच द्यायचा होता.

"सगळे निघाले का?" तिने हळूच विचारलं.

"एक राहिला असेल... अजून थोडं तिरकं करूया."

दुपार उलटली, रुमाल कोरडेच राहिले, बुडबुडे कधीच संपले होते. शेवटी आईच आत येऊन म्हणाली, "झोके देऊन झाले असतील तर खाली ठेवा, हात मोडतील."

संगणक सुरू झाला. पंखे शांत होते. पडद्यावरचा तापमानाचा आकडा खाली आला. पाणीवाल्याने विजयी वीरासारखं कानूकडे पाहिलं.

कानूचे कान टवकारले होते.

"ऐकू येतंय?"

"काय?"

"ते. ऊंऽऽऽ."

त्याने कान लावला, डोळे मिटले, मान हलवली. "शांत आहे की!"

"अहो, चांगला आवाज आहे! टेबलातून फरशीत जातोय, फरशीतून माइकच्या दांडीत. पंप गातोय तुमचा!"

"कानू, तुम्हाला भास होतोय."

आता कानूला तुम्ही काहीही म्हणा, जाडी म्हणा, आळशी म्हणा, चालेल. पण भास होतो म्हणालात, तर तुमची खैर नाही. तिने पंप हळू करून बघायला सांगितलं. तो म्हणाला, कमी केला आणि ऐन शनिवारी संगणक तापला तर? ती म्हणाली, तापला तर माझा. तो म्हणाला, पण बसवला कुणी? ती म्हणाली, ज्याला ऐकू येत नाही त्याने. हे वाक्य तोंडातून गेलं आणि तिला ते परत घ्यावंसं वाटलं. पण पाणीवाल्याने तोवर कागदी रुमाल गोळा करून खिशात कोंबले होते.

"तुमचे कान तुम्हाला लखलाभ," तो म्हणाला आणि गेला. उतरताना त्याच्या डाव्या बुटाचा कुरकुराट अगदी खालच्या पायरीपर्यंत तिला ऐकू आला.

मंगळवार तिने रागात काढला. पंपावर उशी ठेवली, ती थरथरायला लागली. पंप बंद केला, संगणक क्षणात तापला. ध्वनी साफ करायच्या साधनाने ती गुणगुण पुसायला गेली, तर पावलांतला जीवच निघून जायचा आणि उरायची ती लाकडी ठकठक. बुधवारी तिला राग यायचाही बंद झाला आणि नुसतंच रडू यायला लागलं. शनिवार हातचा जाणार म्हणून रडू येतंय असं ती आईला म्हणाली. आईने ऐकून घेतलं.

आणि बुधवारी संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली.

तीन भरभर... एक सावकाश... कुरकुर... पावलं तिच्या दाराशी आली, थांबली. बराच वेळ थांबली. मग हळूहळू खाली गेली. अशी उतरत गेली, की प्रत्येक पायरीवर कुणीतरी विचार बदलत होतं आणि पुन्हा तोच करत होतं.

तिने दार का नाही उघडलं? कारण कान शहाणे असले तरी बाकी माणूस शहाणं असतंच असं नाही. ती दाराच्या आत, भिंतीला पाठ लावून, ओठ दाबून उभी होती, आणि तिला इतका आनंद झाला होता की कडीपर्यंत हात जाईना.

गुरुवारी मात्र तिने जे केलं, त्याला माफी नाही. संध्याकाळी पावलं वाजताच ती धावली, पण दाराकडे नाही, माइककडे. दाराच्या फटीशी माइक धरून ती उकिडवी बसली. बाहेर एक जीव तिच्यासाठी दाराशी घुटमळत होता, आणि ही बया आवाज टिपत होती! तो आला, थांबला, एक सुस्कारा सोडला, वळला, उतरला. चढणं, थांबणं, उतरणं. दिग्दर्शिका बाईंना हवं होतं ते सगळंच्या सगळं. आई स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होती. तिने तोंडावर पदर धरला तो हसू लपवायला की रागाने, ते कळायला मार्ग नाही.

कानूने हेडफोन लावले. पावलं अशी आली होती की अंगावर काटा यावा. पण त्यांच्या खाली, मागे, सुस्काऱ्याच्या आरपार... ऊंऽऽऽ.

शुक्रवारी पहिल्या पायरीपासूनच ती दाराशी उभी होती. पावलं थांबली, आणि तिने कडी काढली.

पाणीवाला एका पायावर वळायच्या बेतात होता. तो तसाच राहिला.

"मी वरच्या मजल्यावर..."

"बुधवारी पण वरच गेला होतात? आणि काल?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "तुम्हाला कसं..."

"मला भास होतात ना." तिने त्याला हाताला धरून आत ओढलं आणि त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवले. "ऐका. तुमच्या पंपाने तुमचीच पावलं नासवलीत."

तो ऐकत राहिला. आधी कान लाल झाले, मग गाल. स्वतःचा सुस्कारा ऐकून त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. आणि मग त्याच्या कपाळावर आठी पडली.

"ऊं," तो म्हणाला.

"ऊं," ती म्हणाली.

"बाप रे. हा तर केवढा आहे! मी पंपांच्या दुकानात वाढलो, कानू. दुकानातले सगळे पंप चालू असताना मी झोपायचो. मला ही शांतताच वाटत होती." त्याने खिशातून हळूच एक वस्तू काढली. मुठीत मावेल एवढा पंप. "हा घेऊन रोज येत होतो. आणि रोज परत नेत होतो."

"एवढासा? हा पुरेल?"

"हा पाणी धो-धो ओतत नाही. पण त्या बारीक जाळीतून ढकलायला लागतो तो दम याच्यात आहे. दोन दिवस, दोन रात्री दुकानात तापमान बघत बसलो. पाणी हळू फिरवलं तरी आकडा जेमतेम एखाद्या अंशाने चढतो. एका हद्दीपर्यंत वेग वाढवला की फायदा होतो. त्यापुढे पंप नुसता आरडाओरडा करतो, आणि वर स्वतः तापून तेच पाणी कोमट करतो."

"म्हणजे हे तुम्हाला परवा कळलं?"

त्याचा हात गळ्याशी गेला. नळ्यांच्या वेटोळ्याशी चाळा करायला आज गळ्यात वेटोळंही नव्हतं.

"माहीत होतं," तो म्हणाला. "सगळ्या गिऱ्हाइकांना मी बेताचाच पंप देतो. काकांचंही त्यात ऐकत नाही."

"मग मला?"

"तुमच्याकडे... काही कमी पडू नये असं वाटलं."

कानूला त्या क्षणी काही ऐकू येईना. तिच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं.

मोठा पंप निघाला, छोटा बसला, आणि त्याच्याखाली त्याने मऊ स्पंज घातला. कागदी रुमाल अंथरले गेले. डबा तिरका झाला. या वेळी हात कुणाचा आणि डबा कुठला यावर कुणी वाद घातला नाही. रुमाल कोरडे निघाल्यावर संगणक सुरू झाला, पंप अर्ध्या वेगाने फिरू लागला, आणि कानूने टेबलाला कान लावला.

काही नाही. आकडा जिथल्या तिथे. खोली इतकी शांत, की स्वयंपाकघरातून आईने न विचारलेले प्रश्नही ऐकू यावेत.

"आता पावलं," ती म्हणाली. "उद्या बाई येणार. पण सांगून चढलात की तुमची कवायत होते."

"मग काय करू?"

 माइकची वायर बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "खाली जा. जे विचारायला तीन दिवस येताय, ते खरंच मनात घेऊन वर या. दाराशी थांबा. आणि मग... सिनेमात आहे तसं, न विचारता परत खाली जा. एवढंच."

"आणि विचारायचं कधी?"

"आवाज टिपून झाल्यावर."

"कामाला वाघ आहात," तो म्हणाला आणि खाली गेला.

कानूने हेडफोन लावले. आई हातातला कप आवाज न करता खाली ठेवून उभी राहिली. जिन्यावर बराच वेळ काहीच नाही. मग तीन पायऱ्या भरभर... एक सावकाश... आणि कानूने छातीवर हात ठेवला, कारण तो घाबरला होता! अगदी पहिल्या दिवशीसारखा. नव्हे, त्याहूनही सुंदर. कुरकुर. दोन पायऱ्या. दाराशी शांतता. त्या शांततेत ऊं नव्हतं, काहीच नव्हतं, फक्त दाराच्या पलीकडे एक माणूस उभा होता. एवढ्या वर्षांत इतका स्वच्छ आवाज तिने टिपला नव्हता. आता वळ, ती मनात म्हणाली. आता उतर. आता...

टक. टक टक.

कानू ताडकन उठली आणि दार उघडलं. "अहो! खाली जायचं होतं ना!"

"जमलं नाही," तो म्हणाला. त्याचा चेहरा घामाने डबडबला होता. "तीन दिवस तेच केलं. आज पाय उतरेनात. माझ्याशी लग्न करशील का, कानू?"

"आवाज वाया गेला," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "करीन. अरे, पण वाया गेला ना सगळा!"

"पुन्हा करूया की!"

पुन्हा केला. पण आता तो जिना चढायचा ते दोन-दोन पायऱ्या, आणि उतरायचा तो शीळ घालत. दार न वाजवता परत फिरणारा माणूस त्याच्यात शोधूनही सापडेना. आईने हात टेकले आणि जेवायला वाढलं.

शनिवारी दिग्दर्शिका बाईंनी डोळे मिटून सगळं ऐकलं. चढणं. थांबणं. मग टक, टक टक. त्यांनी डोळे उघडले.

"माझा माणूस तर परत जातो."

"हो," कानू म्हणाली. "हा नाही गेला."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात गुलाबी नळ्या उगाचच पुसत बसलेल्या तरुणाकडे.  "चढणं असंच राहू दे," त्या म्हणाल्या. "यातलं काही बदललंस तर सिनेमा दुसऱ्याला देईन. दार वाजतं तेवढं कापून टाक, आणि उतरणं तू कर."

उतरणं कानूनेच केलं, दोन्ही हातांत त्याचे बूट घालून. कुरकुराटासकट. आता तिला ते जमलं, कारण तो बुधवारी कसा उतरला होता ते तिला आठवत होतं, आणि ते करताना तिला रडू आलं. समोर तो अनवाणी बसून आपल्या बुटांची वाट बघत होता.

दार वाजल्याचा तुकडा तिने कापला. टाकून मात्र दिला नाही.